गायनशाळेचे दोन दरवाजे

आपल्या मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. बडोद्यात सूरसागरच्या काठाला संगीताचं महाविद्यालय आहे, पलीकडे फाइन आर्ट्स आहे, तिथल्या घरांमधली मुलं पिढ्यान्‌पिढ्या गाणं, तबला, नाच, चित्रं शिकत आली. आपली सुरत तर बडोद्यापेक्षा कितीतरी मोठी आणि पैसेवाली. मग इथे असं काही का उभं राहिलं नाही? उत्तरही ठरलेलं असतं : "त्यांना सयाजीराव मिळाले, आपल्याला इंग्रज कलेक्टर." एवढ्यात चहा येतो आणि विषय संपतो.

हे उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. सयाजीराव 1939 साली गेले आणि बडोदा संस्थान 1949 साली संपलं. त्यानंतर पाऊणशे वर्षं ती शाळा चालू आहे, ती काही राजाच्या खजिन्यावर नव्हे. तिला एका विद्यापीठाने पोटात घेतलं. कसं घेतलं, त्यात कुणाला आत जागा मिळाली आणि कोण बाहेर राहिलं, हे मला या लेखात तपासायचं आहे. आणि आपल्या सुरतकरांना जरा टोचेल अशी एक गोष्टही सांगायची आहे : बडोद्याच्या या कामात मोक्याच्या जागी सुरतेचीच माणसं होती.

सुरुवात 1886 पासून करू. त्या वर्षी सयाजीरावांनी बडोद्यात गायनशाळा काढली आणि ती उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाती दिली. मौलाबक्षांचा जन्म 1833 चा. ते दक्षिणेत म्हैसूर दरबारापर्यंत नाव कमावून आलेले, म्हणजे उत्तर आणि दक्षिण अशा दोन्हीकडचं संगीत कानावरून गेलेला माणूस. पुण्यात गायन समाज 1874 पासून होता, पण तो मुख्यतः जाणत्या मंडळींचा समाज. विष्णु दिगंबर पलुसकरांचं गांधर्व महाविद्यालय लाहोरला निघालं 1901 मध्ये. म्हणजे सर्वसामान्य घरातल्या मुलाने वर्गात बसून, फळ्याकडे बघून गाणं शिकावं ही कल्पना बडोद्यात पलुसकरांच्या 15 वर्षं आधी राबवली गेली. आपल्याकडे हा इतिहास सांगताना पलुसकर आणि भातखंडे ही दोन नावं पुढे येतात आणि मौलाबक्ष मागे राहतात. मला हे बरोबर वाटत नाही.

मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि तिच्यावर 'संगीतानुभव', 'बालसंगीतमाला' अशी शिकवण्याची पुस्तकं काढली. मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे मला स्वरलिपी बघितली की ड्रॉइंग आठवतं. कारखान्यात ड्रॉइंग येण्याआधी मिस्त्रीच्या डोक्यात सगळं असायचं. त्याच्या हाताखाली दहा वर्षं काढलीत तर तो सांगेल, नाहीतर नाही. ड्रॉइंग आलं आणि तोच भाग दुसऱ्या गावातला, त्या मिस्त्रीला कधीही न भेटलेला माणूस बनवू लागला. अर्थात चांगला फिटर तुम्हाला सांगेल की ड्रॉइंगमध्ये सगळं येत नाही, शेवटचा केसभर फरक हातालाच कळतो. तसंच मींड कागदावर उतरत नाही. पण घराण्यात न जन्मलेल्या मुलाला निदान सुरुवात तरी करता येते. गायनशाळेचा पहिला दरवाजा हा कागदाचा होता, असं मी म्हणतो.

ही शाळा एकटी निघालेली नव्हती, हेही ध्यानात घेतलं पाहिजे. कवळाणे गावातून दत्तक आलेल्या या राजाने ज्या गोष्टी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात असत त्या एकेक करून शहराच्या हाती दिल्या. कमाटीबागेत संग्रहालय झालं. 1906 मध्ये प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्यात सक्तीचं झालं. 1910 नंतर बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या मदतीने गावोगाव वाचनालयं गेली. आणि 1890 मध्ये कलाभवन निघालं, जिथे रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला सगळं एका छपराखाली होतं. दादासाहेब फाळके चित्रकला आणि छायाचित्रण शिकले ते तिथेच.

पहिला सुरतकर इथे भेटतो. कलाभवन उभं करणारे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेचे, जन्म 1863. रसायनशास्त्रज्ञ म्हणून ते मुंबईत प्रसिद्ध झाले ते व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यावर कुणीतरी डांबर ओतलं होतं, ते त्यांनी पुतळ्याला धक्का न लावता काढलं म्हणून. (डांबर ओतणारे चापेकर बंधू, म्हणजे आपल्या एका माणसाने घाण केली आणि आपल्याच दुसऱ्या माणसाने साफ केली, अशी सुरतेत थट्टा चालते.) रंगाईचं शिक्षण कारागिराला त्याच्या भाषेत मिळालं पाहिजे हा गज्जरांचा आग्रह होता. आज सुरतेच्या डाइंग मिलमध्ये लाखो मीटर कापड रंगतं, पण गज्जरांना ही शाळा सुरतेत काढता आली नाही, कारण पैसा आणि परवानगी दोन्ही बडोद्यात होती. नवसारी हे बडोदा संस्थानाचं गाव सुरतेपासून तासाभरावर. मधे नुसती हद्द.

गायनशाळेकडे परत येतो. मौलाबक्ष 1896 मध्ये वारले. त्यांचा नातू इनायत खाँ बडोद्यात जन्मला, त्याच वातावरणात वाढला, 1910 मध्ये अमेरिकेला गेला आणि पश्चिमेत सूफी पंथाचा गुरू म्हणून ओळखला गेला. 1916 मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. दरबारात फैयाज खाँसाहेबांसारखा गवई होता. 'कलावंत कारखाना' या नावाच्या खात्यात गवई, बीनकार, नर्तिका, सनईवाले अशा सगळ्यांचे पगार निघत. कारखाना हा शब्द मला फार आवडतो. कलावंत म्हणजे दरबारची शोभा नव्हे, खात्यावरचा नोकर. हजेरी, पगार, पेन्शन.

म्हणजे शहरात दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. एक दरबार, जिथे कला वंशपरंपरेने येत होती. दुसरी शाळा, जिथे ती फळ्यावर लिहून शहरातल्या घरांना दिली जात होती. दोन्हींचा खर्च एकाच तिजोरीतून. ती तिजोरी बंद झाल्यावर काय होणार, हा खरा प्रश्न होता.

1 मे 1949 रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना 30 एप्रिल 1949 ची. एक दिवस आधी! ही तारीख पहिल्यांदा नजरेला पडली तेव्हा मी कॅलेंडर पुन्हा बघितलं. संस्थानाने शेवटच्या दिवशी आपलं बडोदा कॉलेज (1881 चं), कलाभवन, गायनशाळा हा सगळा संसार एका नव्या घराच्या नावावर करून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ही सगळी मुंबई सरकारच्या वेगवेगळ्या खात्यांत विखुरली असती, आणि सचिवालयातल्या एखाद्या फाईलवर गायनशाळेचं काय झालं असतं ते सांगायला ज्योतिषी नको.

विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. दुसरी सुरतकर! जन्म सुरतेत, 1897. आजोबा नंदशंकर मेहता म्हणजे 'करण घेलो' लिहिणारे, गुजरातीतली पहिली कादंबरी मानतात ती; वडील मनुभाई बडोद्याचे दिवाण. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असं जे आलं होतं तिथे 'सर्व मानव' असा बदल व्हावा म्हणून आग्रह धरणाऱ्या त्या याच. 1949 ते 1958 त्या कुलगुरू होत्या. या काळात विद्यापीठात गृहविज्ञान आलं, समाजकार्य आलं, 1950 मध्ये ललित कला विद्याशाखा आली, आणि गायनशाळा ही संगीत, नृत्य आणि नाट्य यांचं महाविद्यालय म्हणून विद्यापीठाचा भाग झाली. गृहविज्ञानवाल्यांनी चेतन बालवाडी चालवली, तिथे शहरातल्या घरांची लहान मुलं यायची आणि विद्यार्थिनी त्यांच्यासोबत काम करून शिकायच्या. विद्यापीठाचा संबंध घराशी, आईशी, मुलाशी असतो ही कल्पना त्या काळात पुष्कळांना विचित्र वाटली असणार.

इथे एक तांत्रिक मुद्दा आहे. तो कंटाळवाणा आहे, पण माझ्या मते सुरत आणि बडोद्याच्या फरकाचं निम्मं उत्तर त्यात आहे. आपल्याकडची बहुतेक विद्यापीठं संलग्न महाविद्यालयांची. कॉलेज एखाद्या सोसायटीचं, विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवतं आणि परीक्षा घेतं. बडोद्याचं विद्यापीठ तसं नाही. ते एकसंध आहे : त्याची हद्द शहरापुरती, सगळी महाविद्यालयं त्याच्याच मालकीची, शिक्षक त्याचेच नोकर. सुरतेचं दक्षिण गुजरात विद्यापीठ, आज ज्याला वीर नर्मदांचं नाव आहे, ते 1960 च्या दशकात आलं आणि संलग्नतेच्या पद्धतीने आलं. त्याच्या अंगावर सुरतेपासून डांगपर्यंतच्या कॉलेजांचं ओझं. शहरात एखादी गाण्याची शाळा असती तरी असं विद्यापीठ तिला फार तर मान्यतेचं पत्र देतं. बडोद्याचं विद्यापीठ मात्र तबलजीला स्वतःच्या पगारपत्रकावर घेऊ शकत होतं. राजा असणं-नसणं याच्याइतकंच हे महत्त्वाचं आहे, आणि बैठकीत हे कुणी बोलत नाही.

आता आत कोण गेलं, बाहेर कोण राहिलं, ते बघू. नृत्याचं उदाहरण घेतो, कारण त्यात सगळं स्वच्छ दिसतं.

सयाजीरावांची पहिली राणी लक्ष्मीबाई, म्हणजे पहिल्या चिमणाबाई, तंजावरच्या. 1880 मध्ये लग्न झालं तेव्हा त्यांच्याबरोबर तिकडून नर्तिका, नट्टुवनार आणि वादक यांचं एक पथक बडोद्याला आलं. राणी 1885 मध्ये वारली, पण पथक राहिलं, कलावंत कारखान्याच्या पगारावर. गौरा आणि कांतिमती ही त्यातली गाजलेली नावं. उत्तरेकडच्या लोकांनी भरतनाट्यम नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी बडोद्याच्या राजवाड्यात ते नाचलं जात होतं. तंजावरचे मराठे राजे, त्यांच्या आश्रयाने वाढलेली कला, आणि ती गायकवाडांच्या घरी हुंड्याबरोबर आली; मराठी माणसाला या साखळीचं कौतुक वाटायला हरकत नाही. मात्र हुंड्याबरोबर भांडी येतात तशा बायका आल्या, हेही त्याच वाक्यात आहे.

संस्थान गेलं, दरबार गेला. नृत्य मात्र विद्यापीठात गेलं. तिथे भरतनाट्यम शिकवायला जे शिक्षक आले त्यांत कुबेरनाथ तंजोरकर होते, कांतिमतींचे चिरंजीव. नृत्याला विद्यापीठाची पदवी देण्याची सुरुवात देशात इथे झाली असं मानतात. पुढे कलाक्षेत्रात रुक्मिणीदेवींकडे शिकलेल्या अंजली मेढ नृत्य विभागाच्या प्रमुख झाल्या. दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या पांढरपेशा घरांनी आपल्या मुली नाच शिकायला पाठवल्या. ज्या नाचाला पंचवीस वर्षांपूर्वी त्याच घरात नाक मुरडलं गेलं असतं.

हे मोठं काम झालं, यात शंका नाही. पण एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. ज्या बायकांच्या अंगात ही विद्या होती त्या वर्गाच्या आत आल्या नाहीत. मुलगा आला, शिक्षक म्हणून. विद्यापीठाने कला 'सभ्य' केली असं आपण म्हणतो तेव्हा कुणाच्या अंगावरून ती उतरवून कुणाच्या अंगावर घातली, हेही म्हणायला हवं. 'स्थानिक कुटुंबांसाठी' हे शब्द आज प्रत्येक सांस्कृतिक केंद्राच्या पाटीवर असतात. गौरा आणि कांतिमती वर्षानुवर्षं बडोद्यात राहिल्या. त्यांच्याइतकं स्थानिक कोण होतं? विद्यापीठ ज्या कुटुंबांची कल्पना करत होतं त्यांत त्यांचं घर नव्हतं.

उस्तादांच्या बाबतीत चित्र थोडं वेगळं. फैयाज खाँसाहेब नोव्हेंबर 1950 मध्ये गेले, विद्यापीठ दीड वर्षाचं असताना. त्यांच्यानंतरच्या गवयांना पदवी, पात्रता, निवड समिती या गोष्टींना सामोरं जावं लागलं, जे देशभर झालं. ज्याला रात्रभर मालकंस येतो पण मॅट्रिक नाही, त्याचं काय करायचं, हा प्रश्न विद्यापीठांना नीट सोडवता आलेला नाही. आजही नाही.

मग ही शाळा टिकली कशाने? माझं उत्तर असं की विद्यापीठाने पदवीचा दरवाजा नवा काढला, पण जुना शहराचा दरवाजा बुजवला नाही. पदवीच्या वर्गांबरोबर पदविकेचे वर्ग चालू राहिले, संध्याकाळचे. बँकेतला कारकून, शाळेत जाणारी मुलगी, संसारातून सुटलेली बाई, यांना बी.ए. नको असतं, पद्धतशीर गाणं हवं असतं. कोणत्याही कारखान्यात नवा विभाग आला की जुन्याचं सामान भंगारात जातं. इथे दोन्ही विभाग एकाच इमारतीत चालले, शिक्षक बहुतेक तेच. सूरसागरवर संध्याकाळी गेलात तर शेंगदाणेवाल्याच्या आवाजातून तबल्याचे कायदे ऐकू येतात, एका खोलीत धाधातिरकिट आणि शेजारी कुणीतरी यमनमध्ये अडकलेलं. पदविकेचं पोर पुढे गवई होत नाही. पण तो मैफलीत पुढच्या रांगेत बसतो, मुलाला हार्मोनियम घेऊन देतो. शहरात गाणं टिकतं ते अशा माणसांवर.

नाट्याच्या बाजूला तिसरा सुरतकर आहे, चंद्रवदन मेहता. जन्म 1901, सुरत. नाटककार, आकाशवाणीवर कैक वर्षं काढलेला, तिरकस बोलणारा माणूस. बडोद्याच्या नाट्यशिक्षणाशी त्यांचा दीर्घ संबंध राहिला. त्यांच्यावर वेगळा लेख व्हायला हवा, म्हणून इथे थांबतो.

ललित कला शाखेने शहराशी नातं जोडलं ते वेगळ्या वाटेने. तिथे मार्कंड भट्ट, मूळचे इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे, शिल्पकार शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन अशी माणसं जमली. आधुनिक चित्रकला म्हणजे शहरातल्या सामान्य माणसाला न कळणारी गोष्ट. कँपसच्या भिंतीआड काय चाललंय याचं त्याला देणंघेणं नव्हतं. 1961 मध्ये त्यांनी फाइन आर्ट्स फेअर सुरू केली. विद्यार्थी आणि प्राध्यापक मिळून वस्तू बनवायचे, खेळणी, मुखवटे, भांडी, छापील कागद, आणि परवडेल अशा किमतीत विकायचे. सुब्रमण्यन त्याआधी मुंबईत हातमाग मंडळावर डिझाइनचं काम करून आले होते, कारागिराकडून शिकायला त्यांना लाज नव्हती. लाकडाचे तुकडे, मणी, चामडं यांतून त्यांनी या जत्रेसाठी केलेली खेळणी पुढे कलेच्या इतिहासात गेली. त्या वेळी मात्र ती बडोद्यातल्या मुलांच्या हातात होती, आणि मुलांनी ती मोडलीही असतील. व्हायचं तेच झालं असेल. खेळणं आहे.

मला ही जत्रा पदविकेच्या वर्गाइतकीच महत्त्वाची वाटते. एकात शहर विद्यापीठात शिकायला येतं, दुसऱ्यात विद्यापीठ शहराला काहीतरी विकायला बसतं, आणि विकायला बसलं की गिऱ्हाइकाचं ऐकावं लागतं.

आता आपल्या सुरतेकडे. 1900 च्या सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली आणि खानदेश सुरतेला जोडला गेला. पुढे यंत्रमाग वाढले तसे जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे लोक याच गाडीने आले आणि उधना, लिंबायत, डिंडोलीत राहिले. महापालिकेच्या मराठी शाळा त्यांच्या मुलांसाठीच निघाल्या. या वस्त्यांत कला नाही असं कोण म्हणेल? गणपतीत लेझीम आहे, एकादशीला भजनी मंडळ आहे, पखवाज आहे, अहिराणी गाणी आहेत. मौलाबक्षांकडे जे नव्हतं ते इथे आयतं आहे : शिकणारे आणि शिकवणारे एकाच गल्लीत. विद्यापीठ ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव उधना-मगदल्ला रस्ता. एका टोकाला मागाचा खडखडाट, वाटेत विद्यापीठाचं फाटक. अंतर रिक्षाच्या एका भाड्याचं.

विद्यापीठाने लिंबायतमध्ये केंद्र काढावं अशी मागणी करणं सोपं आहे, आणि आपल्यापैकी काहीजण ती करतात. बडोद्याचा इतिहास वाचून मी विचारीन ते दोन प्रश्न असे : वर्ग पाळी सुटल्यावर भरणार का? आणि भजनी मंडळातला, दहावी नापास, पण पखवाज हातात घेतल्यावर वारा थांबवणारा म्हातारा त्या वर्गात शिक्षक म्हणून बसणार, की श्रोता म्हणून? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बडोद्यालाही पूर्ण देता आलं नव्हतं.

तोवर आपल्याला करता येण्यासारखं एक काम आहे. सुरतेत अशी मराठी आणि गुजराती घरं आहेत ज्यांच्यातलं कुणीतरी बडोद्याला गाणं, नाच किंवा चित्रकला शिकलं आहे. त्यांच्याकडे जुनी प्रमाणपत्रं, स्वरलिपीच्या वह्या, जत्रेत घेतलेलं एखादं मोडकं खेळणं असेल. तसंच भजनी मंडळांच्या हाताने लिहिलेल्या वह्या, ज्यांत चालीच्या खुणा कुणीतरी स्वतःच्या पद्धतीने केलेल्या असतात. त्यांचे फोटो काढून ठेवा, वहीवर कुणाची, कुठल्या गावाहून आलेली, कुणाकडून शिकली एवढं लिहा. पावसाळ्याआधी झालं तर बरं. तापीच्या 2006 च्या पुरात अशा किती वह्या गेल्या ते आपण पाहिलंच आहे.